सायखेड्याहून दिल्ली किती लांब?

प्रश्न साधा आहे, पण त्याला एकच उत्तर नाही. निफाड तालुक्यातल्या सायखेड्याच्या बाजारातून कांदा भरून निघालेल्या ट्रकवाल्याला विचारले, तर तो साडेबाराशे ते तेराशे किलोमीटर सांगेल. नाशिकरोडहून रेल्वेने गेले, तर आकडा साडेतेराशेच्या घरात जातो. ओझरच्या, म्हणजे नाशिकच्या विमानतळाच्या, धावपट्टीपासून दिल्लीच्या विमानतळापर्यंत नकाशावर सरळ रेघ ओढली, तर साधारण ९९० किलोमीटर भरतात. विमान कंपनीच्या वेळापत्रकात तर किलोमीटर नसतातच. तिथे सुमारे दोन तास लिहिलेले असतात. गाव एकच, दिल्लीही एकच, पण उत्तरे चार. यातले कोणते धरून चालायचे, यावर ओझरच्या विमानसेवेबद्दलच्या, नाशिकच्या रेल्वेबद्दलच्या आणि निफाड तालुक्यातल्या रस्त्यांबद्दलच्या आपल्या मागण्या अवलंबून आहेत. म्हणून हा वाद नीट मांडून पाहायला हवा. सोयीसाठी तो दोन माणसांच्या तोंडी घालतो. एक आहेत सायखेड्यात द्राक्ष आणि कांदा पिकवणारे मामा, आणि दुसरी दिल्लीत नोकरी करणारी त्यांची भाची. माणसे कल्पित आहेत. गावे आणि आकडे खरे आहेत.

मामांचे म्हणणे असे. “अगं, अंतर म्हणजे किलोमीटर. ट्रकचे भाडे किलोमीटरवर ठरते, डिझेल किलोमीटरवर जळते, एसटीचे तिकीटसुद्धा सहा-सहा किलोमीटरच्या टप्प्यांवर फाटते. सायखेड्याहून दिल्लीचा रस्ता काल जेवढा होता तेवढाच आज आहे, आणि उद्याही तेवढाच राहणार. विमानाचे दोन तास मात्र आज आहेत आणि उद्या नाहीत. कंपनीने विमान बंद केले की दिल्ली पुन्हा होती तिथेच. असल्या आकड्यावर मी भरवसा ठेवू कसा? शिवाय ते दोन तास विमानाचे आहेत, माझे नाहीत. तुझी आजी गुडघे धरत ओझरपर्यंत जाणार, तिथे रांगेत उभी राहणार, पलीकडे उतरल्यावर पुन्हा रांग लावणार. हे सगळे त्या दोन तासांत कुठे बसते?”

भाचीकडेही उत्तर आहे. “मामा, माणूस किलोमीटरने थकत नाही, तासांनी थकतो. तुम्हाला कोणी निफाड किती लांब म्हणून विचारले, तर तुम्ही स्वतःच ‘अर्ध्या तासावर’ म्हणता. आजी दवाखान्यात आहे असा फोन आला, तर मधे किती किलोमीटर आहेत हे मी मोजत बसत नाही. रात्रीपर्यंत पोचेन का, एवढेच बघते. रेल्वेने मला दुसऱ्या दिवशी पोचता येते, विमानाने त्याच संध्याकाळी. हा फरक किलोमीटरच्या पाटीवर कुठे लिहिलाय? जी गोष्ट मला घरी पोचवते ती खरी. माझ्यासाठी दिल्ली दोन तासांवर आहे.”

दोघांच्या बोलण्यात तथ्य आहे, आणि आपल्या भाषेने ते दोन्ही फार पूर्वीपासून सांभाळून ठेवले आहे. ‘कोस’ हा शब्द ‘क्रोश’ या संस्कृत शब्दावरून आला. क्रोश म्हणजे हाक, ओरडणे. हाक जाऊन पोचेल एवढी जमीन म्हणजे कोस, अशी त्याची मुळातली कल्पना. ‘मजल’ म्हणजे एका दिवसात चालून होणारी वाट, म्हणूनच ‘मजल दरमजल’ करत जाणे. पंढरीची वारी आजही मुक्कामांनी मोजली जाते. म्हणजे आपल्या जुन्या मापांत जमीन आणि वेळ एकत्रच नांदत होती. चालणाऱ्या माणसाचा वेग जवळपास ठरलेला असल्यामुळे दोहोंत फारकत पडत नव्हती. ती पडली वाहनामुळे, आणि विमानाने ती सर्वांत जास्त वाढवली. त्यामुळे प्रश्न एकच उरतो. विमानाच्या प्रवासात वेळ नेमका जातो कुठे?

हे पाहायला त्रैराशिक पुरते. प्रवासी विमान वर स्थिरावले की ताशी आठशे किलोमीटरच्या आसपास जाते. पण दिल्लीचे ९९० किलोमीटर दोन तासांत म्हणजे सरासरी वेग ताशी पाचशेच्या आतच पडला. कारण वेळापत्रकातली वेळ हवेतली नसते. विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर उभे राहीपर्यंतची ती वेळ असते. धावपट्टीपर्यंत जाणे, आपली पाळी येणे, चढणे, उतरणे, हे सगळे तिच्यात धरलेले असते. आता मुंबई घ्या. ओझर ते मुंबई विमानतळ सरळ रेषेत सुमारे १५८ किलोमीटर आहे. या अंतराला पन्नास मिनिटे धरली, तर सरासरी ताशी १९० किलोमीटर पडते. अंतर जितके कमी, तितके विमान सरासरीत हळू. लांबच्या प्रवासात तर वारा आणि राजकारणही हिशोबात येते. मुंबई ते लंडन सुमारे ७,२०० किलोमीटर. पण पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या उंचावरच्या वाऱ्यांमुळे जाताना साधारणपणे जास्त वेळ लागतो आणि येताना कमी. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले, तेव्हा दिल्लीहून युरोप-अमेरिकेला जाणाऱ्या भारतीय विमानांना वळसा पडला आणि त्यांचे तास वाढले. दोन्ही शहरे मात्र होती तिथेच होती.

आता घराच्या दारापासून हिशोब लावू. सायखेड्याहून गोदावरीचा पूल ओलांडून चांदोरीमार्गे ओझरचा विमानतळ वीस-पंचवीस किलोमीटरवर आहे. त्याला चाळीस मिनिटे धरू. देशांतर्गत विमानाचा चेक-इन काउंटर साधारणपणे सुटण्याच्या तासभर आधी बंद होतो, म्हणून दीड तास आधी पोचावे लागते. उतरल्यावर सामान घेऊन बाहेर पडायला अर्धा तास आणि शहरातल्या मुक्कामी जायला एक तास. ही बेरीज तीन तास चाळीस मिनिटांची झाली, आणि तिच्यात विमान अजून जागचे हललेलेही नाही. मुंबईसाठी यात पन्नास मिनिटे मिळवली, की साडेचार तास झाले. तेवढ्याच वेळात माणूस मोटारीने मुंबईत पोचतो. ५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा खुला झाल्यापासून कसाऱ्याचा घाट बोगद्यातून पार होतो, त्यामुळे हा वेळ आणखी भरवशाचा झाला आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झालेली मुंबई-शिर्डी वंदे भारत नाशिकरोड ते मुंबई हे अंतर अडीच-तीन तासांत कापते. स्टेशनपर्यंतची ये-जा धरूनही हिशोब साडेचार तासांच्या आसपासच राहतो. मुंबईपुरते मामा बरोबर ठरले. विमानाने काहीच वाचत नाही.

दिल्लीचा हिशोब मात्र भाचीच्या बाजूने झुकतो. तेच तीन तास चाळीस मिनिटे, अधिक उड्डाणाचे दोन तास. म्हणजे साडेपाच ते सहा तासांत सायखेड्याच्या ओट्यावरून दिल्लीच्या खोलीत. जानेवारी २०१९ पासून मुंबईहून नाशिकमार्गे जाणारी राजधानी एक्सप्रेस आहे. तिला नाशिकरोडहून पंधरा-सोळा तास लागतात आणि बाकीच्या गाड्यांना त्याहून बरेच जास्त. ओझरचे विमान नसेल, तर मुंबई गाठून तिथून उडावे लागते. चार तास रस्ता, मोठ्या विमानतळावर दोन तास आधी हजेरी, दोन तासांहून थोडे जास्त उड्डाण आणि पुढचा दीड तास, असे साडेनऊ-दहा तास होतात. शिवाय दिल्लीला जायचे म्हणून आधी तिच्याकडे पाठ करून दीडशे-पावणेदोनशे किलोमीटर उलटे जायचे. ओझरहून थेट विमान असेल, तर हे चार तास वाचतात.

इथे मामांचा एक आक्षेप असा आहे, की तो बाजूला सारता येत नाही. “राजधानी संध्याकाळी नाशिकरोडला येते आणि सकाळी दिल्लीत सोडते. त्यातले आठ तास मी झोपेत असतो. ती झोप घरीही घेतलीच असती. मग तो वेळ वाया गेला असे कसे म्हणतेस? उलट तुझ्या विमानाने माझा अख्खा दिवस मोडतो.” हे खरे आहे. झोपेचे तास वजा केले, तर रेल्वे आणि विमान यांतला फरक दहा तासांवरून दोन-तीन तासांवर येतो. ज्याचे जाणे ठरलेले आहे, ज्याला आरक्षण मिळाले आहे आणि पाठ टेकून झोप लागते, त्याला रात्रीची गाडी तोट्याची नाही. पण हा युक्तिवाद ठरलेल्या प्रवासाचा आहे. आजारपण, मयत, मुलाखत, न्यायालयाची तारीख यांना रात्रीच्या गाडीची वाट पाहता येत नाही. आणि परतीचा प्रवास धरला, की दोन रात्री गाडीत जातात. म्हणून दिल्लीसाठी रेल्वे आणि विमान एकमेकांच्या जागी बसत नाहीत. दोन्ही लागतात.

मुंबई आणि दिल्ली ही दोन टोके झाली. मधे सीमारेषा कुठे पडते, तेही काढता येते. वर मोजलेल्या तीन तास चाळीस मिनिटांत विमानाच्या चढ-उताराचा आणि धावपट्टीवरचा अर्धा तास धरला, तर विमानाचा ठरलेला भार चार तासांच्या थोडा वर जातो. त्यापुढे प्रत्येक शंभर किलोमीटरला विमान आठ मिनिटे घेते. ताशी साठने जाणारी मोटार त्याच शंभराला शंभर मिनिटे घेते. दर शंभर किलोमीटरला दीड तास वाचतो असे धरले, तर चार तासांचा भार भरून निघायला पावणेतीनशे किलोमीटर लागतात. त्याच्या आत विमान हरते, बाहेर जिंकते. रस्ता समृद्धीसारखा असेल आणि मोटार ताशी शंभरने जाईल, तर ही रेषा पावणेपाचशे-पाचशेवर सरकते. नागपूर ओझरहून सरळ रेषेत सुमारे ५४५ किलोमीटर, म्हणजे रेषेच्या जरासे पलीकडे. तिथे विमान जिंकते, पण थोडक्यात. पुण्याची गोष्ट वेगळी आहे. ओझर आणि लोहगाव हे दोन विमानतळ जवळपास एकाच रेखावृत्तावर आहेत. ओझरहून नीट दक्षिणेला १७१ किलोमीटर गेले की लोहगाव. पण एवढ्या अंतरावर विमान परवडत नाही आणि नाशिक-पुणे थेट लोहमार्ग अजून झालेला नाही. सुमारे २३५ किलोमीटरच्या मध्यम-द्रुतगती मार्गाचा आराखडा नारायणगावजवळच्या खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीपाशी अडखळला. पुण्यासाठी मागणी करायची तर ती रेल्वेचीच करायला हवी.

एवढ्या बेरजा मांडल्यावर एक गोष्ट लक्षात येते. सहा तासांच्या दिल्लीप्रवासात विमान प्रत्यक्ष वेगाने अंतर कापते ते जेमतेम सव्वा तास. बाकीचा वेळ घर आणि विमानतळ, विमानतळ आणि विमान, विमान आणि शहर यांच्या सांध्यांत जातो. अंतर स्वस्त झाले, सांधे महाग राहिले. माझे म्हणणे एवढेच आहे, की दोन शहरे एकमेकांपासून किती लांब आहेत हे सांध्यांवरून ठरते. भारतातल्या सुरुवातीच्या हवाई टपालाची गोष्ट हेच सांगते. लंडनहून कराचीपर्यंत टपाल विमानाने येत होते. त्या वेगाला पुढे मुंबईपर्यंत जोड नव्हती. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहूपर्यंत टपालाचे छोटे विमान आणले, ते हा तुटलेला सांधा जोडण्यासाठी. लंडन-कराची अंतर त्या दिवशी एका मैलानेही कमी झाले नाही, तरी मुंबईला लंडन जवळ आले.

मामांना हे विमानाच्या उदाहरणाने पटणार नसेल, तर त्यांच्याच बागेतले उदाहरण घेऊ. निफाड तालुक्यातले द्राक्ष न्हावाशेवा बंदरातून नेदरलँड्सच्या रॉटरडॅमला जाते. समुद्रातून तीन आठवड्यांहून जास्त दिवस लागतात. डिसेंबर २०२३ नंतर लाल समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली आणि त्यात आणखी दहा-पंधरा दिवसांची भर पडली. तरीही शून्य ते एक अंश तापमानात ठेवलेला घड हा प्रवास सोसतो. त्याला जे सोसत नाही, ते आहे तोडणीपासून प्री-कूलिंगपर्यंतचे पहिले काही तास. क्रेट उन्हात राहिले, गाडी उशिरा आली, पॅकहाऊसमध्ये खोळंबा झाला, की हिरवा देठ तपकिरी पडू लागतो. तिकडचा खरेदीदार घड उचलून आधी देठच पाहतो. म्हणून चार-सहा तासांत माल गारव्यात गेला पाहिजे, असे बागाईतदाराला सांगितले जाते. समुद्रातल्या दिवसांपेक्षा बांधावरचे तास जास्त नुकसान करतात, हे मामांना कोणी शिकवायची गरज नाही. माणसाच्या प्रवासालाही तोच नियम लागू आहे.

“पण हे सगळे कोणासाठी?” हा मामांचा शेवटचा आणि सर्वांत वजनदार प्रश्न. “सायखेड्यातले किती जण विमानाने दिल्लीला जातात? कांदा तर जात नाही.” कांदा विमानाने जाणार नाही, हे उघड आहे, त्याला ट्रक आणि रेल्वेच हवी. ७ ऑगस्ट २०२० ला देवळालीहून बिहारमधल्या दानापूरला पहिली किसान रेल निघाली, तेव्हा १,५१९ किलोमीटरचे अंतर तिने सुमारे बत्तीस तासांत कापायचे ठरले होते. शेतमालाला असा भरवसा लागतो. पण गावातली शिकलेली मुले बंगळूर, हैदराबाद, दिल्लीत आहेत, सैन्यात आहेत, परदेशात आहेत. त्यांच्या आईवडिलांसाठी विमान आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. मात्र त्या विमानावर विसंबता आले पाहिजे, आणि इथे मामांची पहिली शंका पुन्हा उभी राहते. डिसेंबर २०१७ मध्ये ‘उडान’ योजनेत नाशिकहून मुंबईला छोटे विमान सुरू झाले आणि टिकले नाही. मुंबईच्या धावपट्टीवर अठरा आसनांच्या विमानालाही १८० आसनांच्या विमानाएवढीच उतरायची वेळ लागते, हे त्यामागचे साधे गणित. जून २०१८ मध्ये जेट एअरवेजने दिल्लीची सेवा सुरू केली. एप्रिल २०१९ मध्ये कंपनीच बंद पडली. मार्च २०२३ मध्ये इंडिगो ओझरला आली. जी सेवा पुढच्या महिन्यात असेल की नाही हे माहीत नसते, तिच्या भरवशावर कोणी लग्नाची तारीख ठरवत नाही. भरवसा हाही एक सांधाच आहे, आणि तो निखळला की दोन तासांचा आकडा पोकळ ठरतो.

सगळ्यात जवळचा सांधा तर गावाच्या वेशीवरच आहे. गंगापूर धरणातून मोठा विसर्ग सुटला, की गोदावरीचे पाणी चांदोरी-सायखेड्याला भिडते. ऑगस्ट २०१६ आणि ऑगस्ट २०१९ च्या पुरांत ही दोन्ही गावे पाण्यात होती आणि मधला पूल वाहतुकीला बंद होता. अशा दिवशी ओझरच्या धावपट्टीवर विमान वेळेवर उभे असले, तरी सायखेड्याच्या माणसाला त्याचा उपयोग नाही. नदीपलीकडची दोन-तीन किलोमीटरवरची चांदोरीच त्या दिवशी दूर असते.

म्हणून नाशिककरांनी आणि विशेषतः निफाडकरांनी आपल्या मागण्या या हिशोबाने लावाव्यात. ओझरहून मुंबईच्या विमानासाठी शक्ती खर्च करू नये. मुंबईसाठी वेळेवर धावणारी रेल्वे मागावी, पुण्यासाठी नवा लोहमार्ग मागावा. विमान मागायचे ते दिल्ली, बंगळूर, हैदराबाद, कोलकाता अशा लांबच्या शहरांसाठी, आणि ते वर्षभर त्याच वेळेला सुटणारे. त्या वेळांना जुळणारी एसटी निफाड, पिंपळगाव, सायखेड्याहून सुटावी, आणि पुरातही बंद न पडणारा रस्ता गावाला मिळावा. २०२७ च्या कुंभमेळ्याच्या निमित्ताने नाशिकमध्ये रस्ते, रेल्वे आणि विमानतळ या तिन्हींवर खर्च होत असताना या सांध्यांची आठवण करून देण्याची वेळ हीच आहे. ग्रामसभेत हा विषय येईल तेव्हा दिल्ली किती किलोमीटर आणि विमान किती तासांचे, हे विचारून थांबू नका. घराच्या उंबऱ्यापासून पहिला खोळंबा कुठे होतो ते विचारा, आणि कामाची सुरुवात तिथून करायला लावा.